पेव आधी भरून ठेव

दिवाळीला भाची सांगलीला आली, ती दोन कागद घेऊन. एक विद्यापीठाचा, डॉक्टरेट मिळाल्याचा. दुसरा दिल्लीचा. एका मंत्रालयात दोन वर्षांसाठी आर्थिक सल्लागार म्हणून या, असं बोलावणं. कांद्याच्या साठवणीवर आणि भावावर तिनं पाच वर्षं काम केलंय. लासलगावच्या लिलावात पहाटेपासून उभी राहिलीय, निफाडच्या कांदाचाळींत शिरून सडलेला कांदा स्वतः मोजलाय. फराळाचं ताट पुढ्यात तसंच ठेवून तिनं विचारलं, "आत्या, जाऊ का? आणि ही वाट पुढे कुठवर जाते गं? संशोधन करणारा माणूस मंत्री होऊन खरंच काही करू शकतो?"

मी चौतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. सरकारच्या दोन-तीन समित्यांवर काम केलं. या वाटेनं गेलेल्यांचे ग्रंथ वाचले, त्यांचे निर्णय वर्गात फळ्यावर उलगडून दाखवले. त्या रात्री ओसरीवर बसून तिला जे सांगितलं, ते इथे लिहून काढते आहे. तिच्यासारखी आणखीही मुलं-मुली या उंबरठ्यावर उभी असतील. त्यांनीही ते आपल्यालाच सांगितलं असं समजावं.

१. पेव सुगीतच भरायचं

माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, हळद हरिपूरच्या पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत गेलेली हळद वर्षानुवर्षं टिकायची. भाव पडला म्हणून घाईनं विकायची पाळी यायची नाही. पण पेव भरायचं ते सुगीत. गरज पडल्यावर खणायला घेतलं तर हाती मातीच लागणार.

मंत्र्याच्या खुर्चीचं तसंच आहे, पोरी. तिथे बसल्यावर नव्यानं विचार करायला सवडच मिळत नाही. दिवसभर माणसं, फायली, बैठका, सभागृहातले प्रश्न. आधी जे साठवलं असेल तेच काढून वापरावं लागतं.

१९९१ आठव. आखाती युद्धानं तेल महाग केलेलं, बाहेरच्या भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केलेली, देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलेलं. मे महिन्यात २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला देऊन पैसा उभा केला. जुलैत जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडलं. घरातलं मंगळसूत्र सावकाराकडे जाताना बाईच्या मनाचं काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. अख्ख्या देशाचं तसं झालं होतं. अशा वेळी २१ जूनला मनमोहन सिंग यांनी अर्थमंत्रिपदाची शपथ घेतली आणि २४ जुलैला अर्थसंकल्प मांडला. मधे फक्त ३३ दिवस.

तेहेतीस दिवसांत कुणाला देशाची दिशा सुचत नाही. ती त्यांना तीस वर्षं आधीपासून सुचत आली होती. १९६२ साली ऑक्सफर्डला त्यांनी डॉक्टरेट मिळवली, त्या प्रबंधाचा विषय भारताची निर्यात. तेव्हा आपल्याकडे पुष्कळ जाणकारांची समजूत अशी, की जगाला आपला माल नकोच आहे, तर निर्यात वाढणार कशी? त्यांनी आकडे मांडून दाखवलं, की दोष बाजाराइतकाच आपल्या धोरणाचाही आहे. त्या प्रबंधाचं पुस्तक १९६४ साली आलं. १९९१ च्या जुलैत रुपया स्वस्त झाला, व्यापाराची बंधनं सैल झाली, तेव्हा त्या जुन्या पेवातलंच धान्य बाहेर निघत होतं.

आणखी एक लक्षात ठेव. पंतप्रधान नरसिंह राव यांच्याकडून आधी विचारणा झाली होती ती अर्थतज्ज्ञ आय. जी. पटेल यांना. त्यांनी नकार दिला, म्हणून बोलावणं मनमोहन सिंगांकडे वळलं. बोलावणं कधी येईल, कुणाला येईल, येईल की नाही, हे आपल्या हाती नसतं. पेव भरणं आपल्या हाती असतं.

म्हणून आजपासून प्रत्येक मोठ्या प्रश्नाची एक वेगळी वही कर. कांद्याची, खताची, विजेची, पाण्याची. वहीत चार गोष्टी लिही. आजवर काय करून पाहिलं, ते का फसलं, कुणी अडवलं आणि का, आणि अजून कोणता आकडा हाती नाही. नोकरी कुठलीही असो, वही थांबू देऊ नको.

२. पायाला धूळ लागू दे

दिल्लीत आकडे खोलीत चालून येतात. सांख्यिकीची पुस्तिका येते, पडद्यावर आलेख येतो. त्यानं मन फसतं. आपल्याला सगळं दिसतंय असं वाटतं.

धनंजयराव गाडगीळांचं काम बघ. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक. त्यांनी आरंभी हाती घेतलं ते पुण्यातल्या फळांच्या विक्रीचं सर्वेक्षण. बागेतून निघालेलं फळ गिऱ्हाइकापर्यंत पोचेतो मधे कोण किती घेतं, याचा हिशेब. मग अख्ख्या पुणे शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी, घरोघर जाऊन. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीनं प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचं अध्यक्षपद या प्राध्यापकानं सांभाळलं. उसाचं वजन, गाळप, शेअर, उचल हे शब्द त्यांना पुस्तकातून कळले नव्हते.

म्हणून १९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले तेव्हा केंद्राचा पैसा राज्यांत कसा वाटायचा या जुन्या भांडणाला त्यांना साधं उत्तर काढता आलं. ६० टक्के वाटा लोकसंख्येवर आणि उरलेले चाळीस टक्के चार दहा-दहाच्या वाट्यांत: दरडोई उत्पन्न, कर गोळा करण्याची धडपड, चालू असलेले पाटबंधारे आणि विजेचे मोठे प्रकल्प, आणि राज्याच्या खास अडचणी. त्याआधी कुठल्या राज्याचा मुख्यमंत्री किती वजनदार, यावर बरंच अवलंबून असायचं. सूत्र आल्यावर दुबळ्या राज्यालाही आपला वाटा बोट ठेवून मागता आला.

दिल्लीत गेलीस तरी महिन्यातून एकदा बाजार समितीत जा. कुणाला न कळवता जा. हमालाशी, तोलाऱ्याशी, आडत्याशी बोल. पाहणीचे कागद दुसऱ्यानं भरून आणले तर ते वाच, पण त्यातले पाच तरी स्वतः जाऊन पडताळ.

३. गुरूशी मतभेद असो, पण पुराव्यानिशी

तुला मोठमोठी माणसं भेटतील. नावापुढे पदव्या, मागे पुरस्कार. त्यांच्यासमोर जीभ अडखळेल. तेव्हा डॉ. आंबेडकर आठव.

रुपयाचा प्रश्न त्यांनी लंडनला अभ्यासायला घेतला तेव्हा या विषयावर ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचं पुस्तक येऊन दहाएक वर्षं होत आली होती. भारतात चालू असलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीची केन्स यांनी भलामण केली होती. एका दलित कुटुंबात जन्मलेल्या, कर्ज आणि शिष्यवृत्त्यांवर शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं त्यांच्याविरुद्ध मत मांडायचं, ही काय लहान गोष्ट होती? त्यांनी ते मांडलं. या पद्धतीत चलन किती काढायचं ते सरकारच्या मर्जीवर राहतं आणि रुपयाची किंमत सुरक्षित राहत नाही, हे त्यांनी शंभर वर्षांचे दाखले देऊन दाखवलं. ग्रंथ १९२३ च्या डिसेंबरात निघाला. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत स्वच्छ सांगितलं, की लेखकाचे बहुतेक युक्तिवाद मला मान्य नाहीत. तरीही त्यातल्या ताजेपणाची त्यांनी कदर केली.

शिष्यानं न वाकता लिहिलं आणि गुरूनं न पटताही दाद दिली. मंत्रालयात हे दोन्ही करायची वेळ तुझ्यावर येईल. आज वरिष्ठाला 'हे चुकतंय' म्हणायची, उद्या हाताखालच्याचं न पटणारं टिपण फाडून न टाकता फाइलीत ठेवायची. विरोध करताना आवाज खाली ठेव आणि पुरावा वर. शाहूमहाराजांनी, सयाजीरावांनी आपल्या खजिन्यातून अशा विद्यार्थ्यांना शिकवलं ते त्यांनी मान हलवावी म्हणून नव्हे, हे विसरू नको.

४. तोटा कुणाचा, ते आधी लिही

हा मंत्र सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून नीट ऐक.

१९२५-२६ साली हिल्टन यंग आयोग भारताच्या चलनाची चौकशी करत होता. रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स असावा की १ शिलिंग ६ पेन्स, यावर देश पेटला होता. मुंबईच्या व्यापाऱ्यांना दर खाली हवा होता. रुपया स्वस्त झाला की निर्यातीत फायदा. आंबेडकरांनी आपल्या ग्रंथात आणि आयोगापुढे वेगळा प्रश्न विचारला. हा फायदा येतो कुठून? किमती चढतात आणि मजुराची मजुरी मागे राहते, तिथून येतो. म्हणजे देशाला नफा झाला असं दिसतं, पण खरं तर एका खिशातलं दुसऱ्या खिशात गेलेलं असतं, आणि ज्याचा खिसा कापला गेला त्याला बोलायला व्यासपीठ नसतं.

पुढे १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, म्हणजे आजच्या भाषेत मंत्री. तेव्हा हीच नजर कायद्यांत उतरली. सरकार, मालक आणि मजूर अशी तिघांना एका टेबलावर आणणारी परिषद त्यांच्या काळात रुजली. कारखान्यातले कामाचे आठवड्याचे ५४ तास १९४६ च्या दुरुस्तीनं ४८ वर आले. पाटबंधारे आणि वीजही त्यांच्याच खात्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना त्याच काळात आखली गेली. १९१८ साली त्यांनी लहान शेतीवर एक निबंध लिहिला होता. तुकडे जोडून शेती सुधारणार नाही, शेतीत भांडवल कमी आणि माणसं जास्त आहेत, ती उद्योगात गेली पाहिजेत, असं त्यात मांडलं होतं. वीज आणि पाणी यांच्याकडे ते का वळले, ते तो निबंध वाचला की कळतं.

आता तुझा कांदा घे. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. शहरातल्या गृहिणीला दिलासा हवा होता, तो खोटा नव्हता. पण चाळीतला कांदा पडत्या भावात काढावा लागलेल्या शेतकऱ्याचा तोटाही खोटा नव्हता. तुझ्या प्रत्येक टिपणात एक परिच्छेद असू दे: या निर्णयानं कुणाला किती मिळेल, कुणाचं किती जाईल, आणि ज्याचं जाईल त्याला सरकार काय देणार. हा परिच्छेद लिहिता आला नाही तर टिपण पुढे पाठवू नको.

५. एका पानात सांगायला शीक

पाण्याच्या दराविषयीच्या एका समितीवर मी होते. आम्ही वर्षभर राबलो. १४० पानांचा अहवाल झाला. तक्ते, आलेख, परिशिष्टं, मला त्याचा फार अभिमान होता. सादर करायला गेले, तेव्हा सचिवांनी तो उचलून पाहिला आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "बाई, उद्या मंत्रिमंडळापुढे विषय आहे. साहेबांनी कशाला होय म्हणायचं आणि कशाला नाही, एवढं सांगाल?"

मला सांगता आलं नाही. चाळीस पर्याय होते, प्रत्येकाला 'जर' आणि 'तर' होतं. बैठकीत विषय पुढे ढकलला गेला. त्या वर्षी टोकाकडच्या शेतकऱ्यांना पाण्याचा न्याय मिळायचा राहिला, आणि त्यात माझाही वाटा होता, हे मला आजही लागतं.

संशोधनात शंका हा गुण आहे. निर्णयाच्या टेबलावर शंका लागतेच, पण मोजून. मी नंतर स्वतःला एक सवय लावली, तीच तुला देते. कुठलंही टिपण एका पानाचं कर. वर प्रश्न, एका वाक्यात. खाली तीन पर्याय, तीनपेक्षा जास्त नाहीत. प्रत्येकापुढे खर्च, लाभ आणि धोका. मग तुझी शिफारस. शेवटी एक ओळ: 'माझा अंदाज चुकला तर तो या कारणानं चुकेल.' त्या ओळीत तुझी सगळी विद्वत्ता मावते. बाकीची पानं मागे जोड. ती टाकायची नाहीत, कारण कुणी खोलात विचारलं की उत्तर तिथूनच द्यायचं असतं.

६. फाइलीची वाट पायी चाल

थेट वर बसलेला विद्वान लवकर एकटा पडतो. मनमोहन सिंग पंजाब विद्यापीठात आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवत होते. तिथून १९७१ साली व्यापार मंत्रालयात आर्थिक सल्लागार म्हणून आले. १९७२ मध्ये मुख्य आर्थिक सल्लागार, १९७६ पासून अर्थ मंत्रालयात सचिव, मग नियोजन आयोग, १९८२ ते ८५ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, पुन्हा नियोजन आयोगात, या वेळी उपाध्यक्ष, आणि मग जिनिव्हाला विकसनशील देशांच्या आयोगाचे महासचिव. सरकारात शिरल्यापासून अर्थमंत्री होईपर्यंत वीस वर्षं. म्हणून उद्योगांच्या परवान्यांचं यंत्र उघडायची वेळ आली तेव्हा कुठला खिळा कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. ते स्वतः त्या यंत्राच्या आत राहिले होते.

तुझ्यासाठी याचा अर्थ एवढाच. पहिले सहा महिने सचिवांच्या दालनाइतकाच वेळ कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलापाशी घालव. टिपण कुठून उठतं, वित्त विभागाकडे जाऊन कुठे अडतं, विधी विभाग कोणता शब्द बदलतो, 'चर्चा करावी' या शेऱ्याचा कुठल्या फाइलीवर काय अर्थ होतो, हे तिथेच कळेल. त्यांना 'दादा', 'ताई' म्हण, मनापासून म्हण. वीस-वीस वर्षांची आठवण त्या माणसांकडे असते. मंत्री बदलतात, सल्लागार बदलतात, ती माणसं असतात.

७. फांदी सोड, खोड सोडू नको

अर्थशास्त्र्याला बरोबर उत्तर ठाऊक असतं, असं धरून चालू. तरी ते लोकांच्या गळी उतरवण्याचं कसब दुसऱ्याकडे असतं. निवडणुका लढलेल्या माणसाला कमी लेखू नको.

नरसिंह राव आपल्याला परके नव्हेत. १९८४ आणि १९८९ साली ते रामटेकमधून लोकसभेवर गेले. मराठी उत्तम बोलायचे, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. त्यांच्या सरकारला लोकसभेत बहुमतही नव्हतं. तरी त्यांनी अर्थमंत्र्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि उद्योगखातं स्वतःकडे असताना, अर्थसंकल्पाच्याच दिवशी, १८ उद्योग सोडून बाकीच्यांचे परवाने उठवले. हा हात नसता तर अर्थसंकल्प नुसतं भाषण ठरला असता.

त्यातून दोन गोष्टी शिक. पहिली, पाण्यात उतरताना एक पाय आधी टाकायचा. रुपयाचं मूल्य १ जुलैला सुमारे ९ टक्क्यांनी उतरवलं, बाजाराची प्रतिक्रिया पाहिली, आणि ३ जुलैला आणखी सुमारे ११ टक्क्यांनी. दुसरी, कुठे नमतं घ्यायचं ते आधी ठरवायचं. त्या अर्थसंकल्पात खताच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या होत्या. खुद्द स्वपक्षाच्या खासदारांनी आवाज उठवला. ऑगस्टमध्ये वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान शेतकऱ्यांना तीतून वगळलं. बाकीचा आराखडा जागच्या जागी राहिला. फांदी गेली, खोड राहिलं.

प्रस्ताव पाठवताना तुझ्याजवळ एक यादी असू दे: यातलं काय सोडता येईल आणि काय सोडलं तर सगळंच कोसळेल. ती यादी कुणाला दाखवू नको. पण तुझ्या मंत्र्याला ती तोंडी, खरीखरी सांग. ऐन बैठकीत तडजोड त्याला करायची असते, तेव्हा खोडावर कुऱ्हाड पडू नये एवढी काळजी तू घ्यायची.

८. पेवात उतरण्याआधी कंदील सोड

पेव उघडल्यावर तुझे आजोबा लगेच कुणाला आत उतरू द्यायचे नाहीत. कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो. झाकण काढून वेळ जाऊ द्यायचे, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचे. ज्योत तगली तरच माणूस उतरायचा.

तुझा प्रबंध आज ताजा आहे. दहा वर्षांनी तो वापरायला काढशील तेव्हा जग बदललेलं असेल. जुनं ज्ञान कोंडून राहिलं की त्याचंही विष होतं. आपण एकदा सिद्ध केलं म्हणून ते कायमचं खरं, असा हट्ट फार मोठ्या माणसांनीही केला आणि लोकांना त्याची किंमत मोजावी लागली. म्हणून दर दोन वर्षांनी आपल्या मोठ्या मताला कंदील लाव. नवे आकडे घे, तुझ्याहून तरुण माणसाला ते तपासायला दे, आणि ज्योत विझली तर उघडपणे सांग, की माझं मत बदललं आणि ते या कारणानं बदललं. असं सांगणाऱ्याचा शब्द पुढे जास्त चालतो.

९. चिठ्ठी आधी लिहून ठेव

चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे. ते प्रबंध लिहून सरकारात आले नव्हते, सनदी सेवेतून आले. पण त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताचे प्रतिनिधी, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यांच्या काळात, आयुर्विमा राष्ट्राच्या मालकीचा झाला तोही त्यांच्याच काळात. मग १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं, मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. कुलाब्याच्या या खासदारानं अर्थमंत्रिपद सोडलं. सभागृहात उभं राहून कारणं सांगितली आणि बाहेर पडले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद, असं शिक्षणाचंच काम केलं.

आंबेडकरांनीही १९५१ साली कायदेमंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिल रखडलं, हे त्यातलं मोठं कारण. सोडताना दोघांनीही आपलं म्हणणं मांडलं आणि आपल्या कामाला लागले.

सत्तेची सवय हळूहळू लागते, पोरी. गाडी, दार उघडणारा माणूस, फोन केल्या केल्या मिळणारं उत्तर. आज जे मनाला बोचेल ते पाच वर्षांनी बोचणार नाही, आणि ते बोचत नाही हेही कळणार नाही. म्हणून जायच्या आधी, इथेच, एक चिठ्ठी लिही. कुठल्या तीन गोष्टी माझ्यासमोर घडल्या तर मी जागा सोडीन, एवढंच लिही. पाकीट बंद कर आणि अशा माणसाकडे दे, जो तुझ्याकडून कधी काही मागणार नाही. आणि सोडता यावं म्हणून खर्च आटोपशीर ठेव. कॉलेजातली जागा धारणाधिकारावर राखून ठेवता येते का ते अर्ज करून विचार. परतायला घर असलं की माणूस ताठ उभा राहतो.

एवढं सांगून झालं तेव्हा ओसरीवरच्या पणत्या विझत आल्या होत्या. तिनं पुन्हा विचारलं, "मग जाऊ ना?" मी म्हटलं, "जा. आधी ताटातलं संपव."

भाऊबीज झाल्यावर ती निघाली. रिक्षात बसायच्या आधी परत आत आली आणि एक पाकीट माझ्या हातात दिलं, डिंकानं चिकटवलेलं, वर काहीही न लिहिलेलं. बाबांच्या जुन्या पेवांच्या पावत्या मी एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्यात. ते पाकीट त्याच डब्यात ठेवलंय.